पावसानंतर ऊन पडले की कपाशी माना टाकते : आकस्मिक मर ओळखणे आणि पहिल्या ३६ तासांत करावयाचे काम

मराठवाडा आणि विदर्भातील काळ्या जमिनीत कपाशी घेणाऱ्या बहुतेकांनी हे दृश्य एकदा तरी पाहिलेले असते. ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड पडतो, जमिनीला भेगा जातात, तरीही पीक तग धरून राहते आणि पाते (फुलांच्या कळ्या), फुले, बोंडे यांनी लगडते. मग उत्तरा किंवा हस्त नक्षत्रात एका रात्रीत एवढा पाऊस होतो की सऱ्यांमध्ये पाणी उभे राहते. आभाळ भरलेले असेपर्यंत पिकाला काहीच झालेले दिसत नाही, परंतु दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले की सकाळी टवटवीत असलेली झाडे दुपारपर्यंत माना टाकतात, पाने लोंबतात, पुढील दोन-तीन दिवसांत ती पिवळी किंवा तांबूस होऊन गळतात, पाते आणि कोवळी बोंडे खाली पडतात आणि अर्धवट भरलेली बोंडे वेळेआधीच उकलतात. काही जण याला ‘झाड उबळले’ म्हणतात, तर कृषी विद्यापीठांच्या भाषेत ही ‘आकस्मिक मर’ होय. इंग्रजी नावावरून ‘पॅराविल्ट’ हा शब्दही आता गावोगावी रुळला आहे.

हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी परत येतो, आणि प्रत्येक वेळी त्यावर चुकीचे उपाय केले जातात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझ्या स्वतःच्या शेतात हे पहिल्यांदा घडले तेव्हा मीही दोन चुका केल्या. दुपारी झाडे सुकलेली पाहून पाणी कमी पडले असे समजलो आणि मोटार सुरू केली; दुसऱ्या दिवशी सुकलेल्या झाडांची संख्या वाढल्यावर दुकानातून सांगितले गेलेले महागडे बुरशीनाशक आणून संपूर्ण शेतावर फवारले. बांधालगतच्या खोलगट पट्ट्यातील जवळजवळ सगळी झाडे गेली. ज्या भागात मोटारीचे पाणी पोहोचले नव्हते तेथील झाडे मात्र काही दिवसांनी सावरली. तो फरक डोळ्यांसमोर नसता तर मला मूळ कारण शोधण्याची गरजही वाटली नसती.

आकस्मिक मर हा रोग नाही. तिच्यामागे बुरशी नाही, जिवाणू नाही, कीडही नाही. मुळांना अचानक हवा मिळेनाशी होते आणि त्याच वेळी पानांकडून पाण्याची मागणी प्रचंड वाढते, या दोन्हींच्या कात्रीत सापडलेल्या झाडाची ती शारीरिक विकृती आहे. हे एकदा मनात पक्के झाले की काय करावे आणि काय करू नये याचा उलगडा आपोआप होतो.

मुळेसुद्धा श्वास घेतात. वाफशावर असलेल्या जमिनीत मातीच्या कणांमधील काही पोकळ्यांत पाणी आणि काही पोकळ्यांत हवा असते, आणि या हवेतील प्राणवायूवर मुळे काम करतात. पाऊस जास्त झाला की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो, त्यामुळे मुळांनी आणि मातीतील सूक्ष्मजीवांनी शिल्लक प्राणवायू वापरून टाकल्यावर नवा प्राणवायू वेळेत पोहोचत नाही. आपल्या काळ्या जमिनीत ही अडचण अधिक तीव्र होते, कारण तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते, खंडाच्या काळात पडलेल्या भेगा बंद होतात आणि पाण्याला खाली झिरपायला वाटच राहत नाही. भात अशा स्थितीत जगतो, कारण त्याच्या खोडापासून मुळापर्यंत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात. कोकणात भातखाचरात महिनोन्‌महिने पाणी उभे असते आणि पीक हिरवेगार असते ते यामुळे. कपाशीच्या मुळांत अशी सोय नाही.

प्राणवायू संपला की मुळांच्या पेशी आम्लधर्मी होऊ लागतात, आणि पेशींच्या आवरणातील पाणी आत घेणारी सूक्ष्म दारे, ज्यांना ॲक्वापोरिन म्हणतात, ती या आम्लतेमुळे बंद होतात. म्हणजे मुळे पाण्यात बुडालेली असतात आणि तरी झाडाला पाणी चढत नाही. ढगाळ हवामानात पानांतून फारसे बाष्पोत्सर्जन होत नसल्याने हा दोष झाकलेला राहतो. ऊन पडल्याबरोबर पाने पाणी मागतात, मुळे ते देऊ शकत नाहीत आणि झाड पाण्यात उभे असताना तहानेने मान टाकते. पाऊस चालू असताना नव्हे, तर उघडीप मिळाल्यावर झाडे का सुकतात याचे उत्तर यात आहे.

याच्या जोडीला संप्रेरकांचाही भाग आहे. गुदमरलेल्या मुळांत इथिलीनचा पूर्वपदार्थ साठतो, पण प्राणवायूअभावी तेथे त्याचे इथिलीन होऊ शकत नाही. तो खोडावाटे पानांकडे चढतो आणि तेथे प्राणवायू मिळताच त्याचे इथिलीन तयार होते. फळे पिकवणारे आणि पाने गळवणारे हेच ते इथिलीन. देठ खाली झुकणे, पातेगळ, बोंडांचे अकाली उकलणे ही सारी त्याची लक्षणे आहेत.

खंडाचा वाटा येथे अनेकांच्या लक्षात येत नाही. जून-जुलैपासून सतत ओल अनुभवलेले झाड आणि वीस दिवस कोरडे राहिलेले झाड एकाच पावसाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. खंडाच्या काळात झाडाने पर्णरंध्रे आवळलेली असतात, पेशींत क्षार आणि साखर साठवून पाणी धरून ठेवण्याची तजवीज केलेली असते, आणि त्याची कार्यक्षम मुळे ओलीच्या शोधात खोल गेलेली असतात. पाणी साचल्यावर सर्वांत आधी गुदमरतात त्या याच खोल मुळ्या. त्यातच बोंडांचा भार एकाच वेळी आलेला असेल तर पानांत तयार झालेली साखर प्रामुख्याने बोंडांकडे जाते आणि मुळांच्या वाट्याला थोडीच येते. म्हणूनच शेतातील सर्वांत जोमदार, सर्वांत जास्त बोंडे धरलेली झाडे आधी बळी पडतात, आणि त्यांच्या शेजारचे किरकोळ झाड मात्र उभे राहते. शेतकऱ्याच्या जिवाला सर्वांत लागते ते हेच.

आता ओळखण्याविषयी, कारण येथे चूक झाली तर पुढचे सारे चुकते. सुकलेले एक झाड निवडावे आणि दोन्ही हातांनी उपटून पाहावे. ते सहज हातात आले, मुळांची साल ओलसर होऊन सोलून निघाली आणि मुळे कुजलेली दिसली, तर ती मूळकूज आहे. ती बुरशीमुळे होते आणि बहुधा शेतात गोलाकार पट्ट्यांनी पसरते. आकस्मिक मर झालेले झाड सुरुवातीच्या दिवसांत जमिनीला घट्ट धरून असते आणि उपटायला जोर लावावा लागतो. त्यानंतर जमिनीलगतचे खोड विळ्याने उभे चिरावे. आतील लाकूड पांढरे, स्वच्छ दिसले तर आकस्मिक मर समजावी. सालीखालच्या भागात तपकिरी किंवा काळ्या रेषा दिसल्या तर फ्युजेरियम बुरशीची मर असण्याची शक्यता असते. ही मर आपल्याकडे प्रामुख्याने देशी कपाशीवर येते आणि ती पावसाशी तारीख जुळवून एका दिवसात येत नाही, हळूहळू वाढते. लाल्याशी होणारा घोळही असाच दूर करता येतो: लाल्यात पाने कडांपासून लाल होतात, पण ती लोंबत नाहीत, आणि हा बदल काही आठवड्यांत होतो. मुळे कुरतडलेली दिसली तर हुमणी किंवा वाळवी शोधावी.

मी आणखी एक गोष्ट करतो आणि ती प्रत्येकाने करावी असे मला मनापासून वाटते. सुकलेल्या झाडाजवळ टिकावाने वीतभर खड्डा घ्यावा आणि ढेकूळ नाकाजवळ न्यावे. वाफशातील मातीला येणारा ओळखीचा वास तेथे नसतो. आंबूस, गटारासारखा वास येतो, मातीवर काळपट-निळसर झाक दिसते आणि केसासारख्या बारीक मुळ्यांची टोके तपकिरी झालेली असतात. थोडे वर, दोन-तीन बोटे खोलीवर, काही वेळा खोडापासून नव्या पांढऱ्या मुळ्या फुटू लागलेल्या दिसतात. त्या दिसल्या तर ते झाड वाचण्याची आशा आहे.

निदान झाल्यावर पहिले काम म्हणजे पाणी बाहेर काढणे. औषध नंतर, आधी फावडे. शेताच्या उताराच्या दिशेने चर खोदून सऱ्यांतील साचलेले पाणी बांधाबाहेर किंवा नाल्यात जाऊ द्यावे. पाणी उभे असताना केलेली कोणतीही आळवणी, म्हणजे बुंध्याशी ओतलेले द्रावण, वाहून जाते किंवा विरघळून पातळ होते आणि वाया जाते. आभाळ उघडलेले असो वा नसो, सऱ्यांत पाणी दिसत असेपर्यंत हेच काम करावे. वाफसा येताच हलकी डवरणी किंवा खुरपणी करून वरचा थर मोकळा करावा, म्हणजे हवा आत शिरते. परंतु ओल्या चिखलात औत घालू नये, त्याने माती दाबली जाऊन हवा आणखी कोंडते. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. तो पडून फुटला तर वाफसा आला असे समजावे, चपटा होऊन चिकटला तर थांबावे.

दुसरे काम आळवणीचे, आणि ते झाडे सुकू लागल्यापासून २४ ते ३६ तासांच्या आत व्हायला हवे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरे पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी २५० ते ५०० मिलिलिटर द्रावण द्यावे. युरिया यासाठी की पाणी साचलेल्या जमिनीतील नत्राचा काही भाग वायुरूपाने उडून जातो आणि काही निचऱ्यावाटे निघून जातो. पोटॅश पर्णरंध्रांची उघडझाप आणि झाडातील पाण्याचा तोल सांभाळते. कॉपर ऑक्सिक्लोराईड मूळ विकारावरील औषध नव्हे. दुबळ्या झालेल्या मुळांवर नंतर बुरशी शिरू नये एवढ्यासाठी ते घातलेले असते, म्हणून त्याचे प्रमाण वाढवून काही साधत नाही. आळवणीनंतर झाडाभोवतीची माती पायाने हलकेच दाबून बुंध्याला आधार द्यावा, कारण भिजलेल्या जमिनीत वाऱ्याने हललेल्या झाडाच्या उरल्यासुरल्या मुळ्याही तुटतात.

हे सांगणे सोपे आहे, करणे कष्टाचे आहे. चार फूट बाय दीड फूट अंतरावर लागवड असेल तर एकरात सुमारे ७,२६० झाडे बसतात. प्रत्येकी पाव लिटर म्हटले तरी १,८०० लिटरच्या वर द्रावण लागेल, आणि ते चिखलातून पाठीवर वाहून ३६ तासांत देणे घरच्या दोन माणसांना शक्य नाही. त्यामुळे निवड करावी लागते. माझी पद्धत अशी आहे की पूर्ण वाळलेली, पाने चुरगाळताच तुटणारी झाडे सोडून द्यायची. ज्यांची पाने लोंबली आहेत पण हिरवी आहेत ती पहिल्या क्रमांकाला घ्यायची. आणि त्यांच्याभोवतीची, अजून उभी असलेली परंतु त्याच खोलगट पट्ट्यातील झाडे दुसऱ्या क्रमांकाला. अशी ३०० झाडे निघाली तर पाव लिटरच्या हिशेबाने ७५ लिटर द्रावण पुरते, म्हणजे दीड किलो युरिया आणि पाऊण किलो पोटॅश. फवारणी पंपाचे नोझल काढून नळी बुंध्याशी धरली तर काम लवकर होते. ड्रम आणि मग्गा घेऊनही होते.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कोबाल्ट क्लोराईडची फवारणीही सुचवलेली आहे. त्याचे प्रमाण अत्यंत अल्प, दशलक्ष भागांत दहा भाग, म्हणजे २०० लिटर पाण्यात फक्त २ ग्रॅम असते. पानांत इथिलीन तयार करणाऱ्या विकराला कोबाल्ट अडवते, म्हणून झाडे लोंबू लागल्यापासून काही तासांतच ही फवारणी झाली तर उपयोग होतो. पाने गळू लागल्यावर तिचा काही लाभ नाही. हा पदार्थ विषारी आहे, त्यामुळे हातमोजे घालूनच हाताळावा आणि वजन अंदाजाने न घेता सोनाराच्या काट्यासारख्या बारीक वजनकाट्यावर करून घ्यावे. ऐन वेळी तो गावात मिळत नाही, म्हणून ज्यांच्या शेतात हा प्रकार वारंवार होतो त्यांनी ऑगस्टमध्येच थोडा आणून, मुलांच्या हाती लागणार नाही असा कुलुपात ठेवावा.

या दिवसांत काय करू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पाणी देऊ नये, ठिबकनेही नाही. झाडे सुकलेली दिसतात म्हणून वाढसंप्रेरकांच्या आणि टॉनिकांच्या बाटल्या ओतू नयेत. सुकलेली झाडे घाईने उपटू नयेत, कारण त्यांतील काही खालून पुन्हा फुटतात आणि पक्व झालेली बोंडे उकलून थोडाफार कापूस देतात. हा कापूस मात्र वेगळा वेचावा; त्याचा धागा अपरिपक्व असतो आणि चांगल्या कापसात मिसळला तर सगळ्याचाच भाव पडतो. सावरलेल्या झाडांना उशिरा नवे पाते लागते आणि नुकसान भरून काढण्यासाठी पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवण्याचा मोह होतो. तसे करू नये. अशा लांबवलेल्या पिकावर, म्हणजे फरदडीवर, गुलाबी बोंडअळी पोसली जाते आणि पुढच्या हंगामात ती आपल्याबरोबर शेजाऱ्यालाही भोगावी लागते.

परंतु खरे सांगायचे तर आळवणी हा नाइलाजाचा उपाय आहे. हा प्रश्न पुन्हा पुन्हा येण्याचे मोठे कारण आपल्या पावसाचे बदललेले वागणे हे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतावर मोठ्या क्षेत्रात होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवले आहे. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्याच हंगामात २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. आधी लांब खंड आणि मग एकदम पाणी, ही आकस्मिक मरीला हवी तशीच परिस्थिती आहे. आपल्या हातात पाऊस नाही. पडलेले पाणी शेतात किती वेळ थांबेल हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

त्यासाठी लागवडच रुंद वरंब्यावर करता आली तर उत्तम. मुळांचा वरचा थर सरीच्या पातळीपेक्षा वीतभर उंच राहिला की पाऊस थांबल्यावर तेथे लवकर हवा शिरते. सपाट लागवड झाली असेल तरी पीक तीस-चाळीस दिवसांचे असताना डवऱ्याला दोरी गुंडाळून दोन ओळींमध्ये सऱ्या पाडाव्यात. याच सऱ्या खंडाच्या काळात पडणारा थोडा पाऊस मुरवतात आणि अतिवृष्टीत जास्तीचे पाणी वाहून नेतात, मात्र त्यांचे तोंड मोकळे असले तरच. मी पाहिलेल्या कितीतरी शेतांत सऱ्या उत्तम होत्या आणि शेवटच्या धुऱ्याला बांध अडवलेला होता. पाणी शेताच्या खालच्या टोकाला तुंबून तेथलीच झाडे गेली. पाण्याला बाहेर जाण्याची वाट शेजाऱ्याशी बोलून उन्हाळ्यातच ठरवून घ्यावी, कारण भर पावसात ती चर्चा भांडणावर जाते.

खंडाच्या काळात पाण्याची सोय असेल तर एकाआड एक सरी भिजवून हलके संरक्षित पाणी द्यावे. झाड फार ताणले गेले नाही तर पुढच्या पावसाचा धक्काही कमी बसतो. भरपूर पाट सोडून एकदम तुडुंब पाणी दिले, तर पाऊस न होताही हीच मर येऊ शकते, आणि कोरडवाहू शेतकऱ्यापेक्षा बागायतदाराच्या शेतात मी ती अशा रीतीने आलेली अधिक वेळा पाहिली आहे. हवामान खात्याने पुढील दोन-तीन दिवसांत जोरदार पावसाचा अंदाज दिला असेल तर पाणी थांबवावे. भारी, चिबाड म्हणजे पाणी धरून राहणाऱ्या जमिनीत देशी कपाशी अशा ताणाला तुलनेने अधिक तोंड देते; तिचे उत्पादन आणि बाजार यांचा विचार करून खोलगट पट्ट्यापुरती ती लावून पाहण्यास हरकत नाही.

शेवटी एक काम, ज्याला पैसा लागत नाही. झाडे सुकलेल्या जागी त्याच दिवशी बांबूच्या काड्या रोवाव्यात आणि त्या वेचणी संपेपर्यंत काढू नयेत. माझ्या शेतात तीन हंगामांच्या काड्या जवळजवळ एकाच रेषेत आल्या, पूर्वेच्या बांधापासून साधारण वीस पावलांवर. तेथे पूर्वी एक छोटी नाळी वाहत असे आणि सपाटीकरणात ती बुजवली गेली, हे गावातील एका वृद्ध आजोबांनी सांगितल्यावर उलगडा झाला. त्या रेषेवर उन्हाळ्यात अडीच फूट खोल चर काढून तो नाल्याला जोडला आहे. त्यानंतर पहिल्याच हंगामात हस्ताचा पाऊस भरपूर झाला, तिसऱ्या दिवशी ऊनही कडक पडले, आणि त्या पट्ट्यात मला अकरा काड्या रोवाव्या लागल्या. त्याआधीच्या वर्षी दोनशेच्या वर रोवल्या होत्या.